ज्याचा खोकला मोठा, तो मिस्त्री

एका जंगलात साळिंदरांची सुतारवाडी होती. नीट बसा, बाळांनो. ज्या बाळांना नातवंडं झाली आहेत, त्यांनीही मांडी घालावी.

या वाडीत प्रत्येक घराच्या मागच्या पडवीत सुतारकाम चाले. पुढे चूल, मागे करवत. करवतीला मोटर आली होती. लाकूड घासायचं मशीनही आलं होतं. फक्त खिडक्या नव्हत्या. खिडकीतून वारा येतो, वाऱ्याने भुसा उडतो, म्हणून पूर्वजांनीच खिडक्यांवर फळ्या ठोकल्या होत्या. मग भुसा घरातच राही. आमटीतही पडे. "सागाची आहे आज," असं म्हणून मंडळी ती भुरकत.

आणि सगळे खोकत.

खोकल्याची कुणाला लाज नव्हती. उलट मान होता. कोरडं खोकतो तो उमेदवार. छातीतून खोकतो तो कारागीर. आणि खोकता खोकता ज्याला खांब धरावा लागतो, तो मिस्त्री. लग्न जमवताना मुलीचा बाप विचारी, "मुलगा खोकतो ना?"

"एकदा लागला की पाऊण तास!"

"मग पुढचं बोलू."

दारं-खिडक्या करून घ्यायला कोल्हे यायचे, हरणं यायची. तीही आधी खोकला ऐकत, मग लाकूड बघत.

धोंडूमिस्त्रीचा खोकला वाडीत पहिल्या नंबरचा. त्याला मूलबाळ नव्हतं. एक पुतणी होती, शलाका. तिचे आईबाप गेल्यावर त्यानेच तिला वाढवलं, हातात रंधा दिला, टेकडीपलीकडच्या कॉलेजात पाठवलं. ती शिकून परत आली आणि त्याची झोप उडाली.

शलाकाने जोडलेल्या फळ्यांत मुंगीला शिरायला जागा नसे. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. काकाची पडवी. पण वाडीचा नियम होता. पंच ज्याला मिस्त्री म्हणतील, पडवी त्याची.

आल्या आल्या तिने खिडकीवरची फळी उचकटली आणि तिथे हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. करवतीच्या तोंडाशी भुसा ओढून घेणारी नळी लावली. भुसा उडायच्या आत नळीतून पिंपात जाऊ लागला. झाडू मारायचं सोडून ती ओल्या फडक्याने जमीन पुसू लागली. आणि तोंडाला मास्क. मिशांमुळे तो गालाला घट्ट बसेना, तेव्हा तिने मिशा कापल्या.

वाडीत हलकल्लोळ झाला.

"तोंड झाकायला काय चोरी केलीस?" शेजारीण म्हणाली.

"चांगल्या घरच्या मुलीने मिशा कापाव्यात!" दुसरी म्हणाली.

काकाने तिला समोर बसवलं. "शलू, हे काय चालवलंयस?"

"काका, जो भुसा दिसतो तो नाकात अडकतो. जो दिसत नाही, तो थेट छातीत उतरतो. मशीन बंद केल्यावरही कितीतरी वेळ हवेत असतो."

"दिसत नाही ना?"

"नाही."

"मग आहे कशावरून?"

"तुम्ही खोकता त्यावरून!"

"खोकला घराण्याचा आहे. आणि मी रोज काम संपल्यावर गुळाचा खडा खातो. गूळ सगळी धूळ धुऊन काढतो."

"गूळ पोटात जातो काका, धूळ छातीत. दोघांची गाठ पडणार कुठे?"

"आत गेल्यावर सगळं एकच."

शलाकाच्या पाठीवरचे काटे ताठ उभे राहिले. जिभेवर आणखी बरंच होतं. पण तेवढ्यात काकाला उबळ आली आणि तिला सगळं सोडून त्याची पाठ चोळावी लागली. हल्ली विहिरीपर्यंत जाताना काका दोनदा थांबे. "विहीर लांब गेलीय अलीकडे," असं म्हणे.

काकानंतर पडवी कुणाची, हे ठरवायला बाजाराच्या दिवशी पंच वडाखाली बसले. पडवीला दावेदार दोन. एक शलाका. दुसरा काकाचा लांबचा पुतण्या झुंबर. त्याने उभ्या आयुष्यात एक पाटसुद्धा धड केला नव्हता, पण तो भुशाच्या ढिगावर झोपायचा.

"खोका," बाजीआबा म्हणाले. ते पंचांचे प्रमुख.

झुंबर असा खोकला की वडाची पिकली पानं गळली. पंचांच्या डोळ्यांत पाणी आलं. काहींच्या कौतुकाने, काहींच्या स्वतःच्या खोकल्याने.

"आता तू."

"मला खोकला येत नाही," शलाका म्हणाली. "मी कपाट आणलंय. ते बघा."

"कपाट काय, कुणीही करतं. खोकून दाखव."

"नाही येत!"

"कॉलेजात शिकवलं काय मग?"

सभा हसली, हसता हसता खोकली. पंचांनी माना हलवल्या. पडवी झुंबरची. शलाकाने काकाकडे पाहिलं. काका जमिनीकडे पाहत होता.

आता नाव पुकारायचं राहिलं होतं. घराण्याच्या मूळपुरुषापासूनची नावं घेत नव्या मिस्त्रीपर्यंत यायचं, तेही एका दमात. मध्ये श्वास तुटला तर निवड रद्द; जे नाव पुरं पुकारलं जाईल, तेच पक्कं. बाजीआबा उठले.

"भिवाचा सखाराम, सखारामचा..." आणि खांब शोधू लागले.

दुसरे पंच उठले. तेही सखारामपाशीच बसले. तिसरे तर भिवापर्यंतही पोचले नाहीत. झुंबर म्हणाला, "मीच म्हणतो माझं," आणि त्याला जी उबळ लागली, ती पुढे बराच वेळ त्याच्याच मालकीची होती.

ऊन डोक्यावर आलं. गिऱ्हाईक म्हणून आलेले कोल्हे जांभया देऊ लागले.

"कुणाला दम आहे का रे?" बाजीआबांनी कसंबसं विचारलं.

शलाका उभी राहिली. छाती भरून श्वास घेतला.

"भिवाचा सखाराम, सखारामचा बहिरू, बहिरूचा म्हादू, म्हादूचा रखमाजी, रखमाजीचा धोंडू, आणि धोंडूची पुतणी शलाका, मिस्त्री!"

मग सगळ्या पंचांनी हरकत घ्यायला एकदम तोंड उघडलं. पण हरकतीलाही श्वास लागतो. ते खोकत राहिले. त्यांचं आवरेपर्यंत कोल्ह्यांनी तिला दोन दारं आणि एक पलंग सांगूनही टाकला होता.

"बघा," बाजीआबा शेवटी डोळे पुसत म्हणाले, "याला म्हणतात आमच्या वाडीची छाती! मी तर आधीपासून म्हणतच होतो."

घरी जाताना काका दोनदा थांबला. तिसऱ्यांदा थांबला तो दमाने नव्हे.

"ते तोंडाला लावायचं... दुसऱ्या कुणाला बसतं का गं?"

"कुणाला?"

"आहे एक ओळखीचा."

"मग त्याला म्हणावं, येऊन माग."

"तो कसा येईल? तो वयाने मोठा आहे."

शलाकाने कमरेची मापाची पट्टी काढली आणि काकाच्या तोंडाभोवती गुंडाळली.

"हलू नका," ती म्हणाली.

आणि बाळांनो, धोंडूमिस्त्री आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकून गप्प उभा राहिला.

तात्पर्य : वडीलधाऱ्यांशी वाद घालण्यात दम घालवू नये. तो मास्क लावून छातीत जपावा. सभा शहाण्याचं ऐकत नाही. ज्याला वाक्य पुरं करता येतं, त्याचंच ऐकते.