काळ्या चौकटीतलं व्याख्यान

अनास्तास सरांनी जाहिरात स्वतःच्या हाताने केली, तिथेच माशी शिंकली. मधोमध काळाकुट्ट गोल, भोवती जाड काळी चौकट, खाली ठळक अक्षरांत ‘अनास्तास वल्चेव’ आणि त्याखाली ‘शेवट कसा होतो. गुरुवारी पाच वाजता, वाचनालयाचं सभागृह’. कृष्णविवर हा शब्द घालायला जागाच उरली नाही. एक प्रत त्यांनी चौकातल्या झाडावर चिकटवली, एक बसथांब्यावर आणि एक स्वतःच्या फाटकावर. त्यांच्या सेव्लिएवो गावात अशा चौकटीचा कागद फाटकावर लागला, की त्या घरातलं माणूस गेलं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. सर मात्र चाळीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून असल्या गोष्टींच्या पलीकडे गेले होते.

वाचनालयाच्या स्तांकाबाईंनी बजावलं होतं, “सर, या खेपेला दहा माणसं आली नाहीत, तर तुमचा गुरुवार नाचाच्या वर्गाला. गेल्या वेळी आपण दोघंच होतो, आणि मी झाडायला आले होते.”

गुरुवार गेला असता तर सरांना आठवडाभर कोणाशी बोलायला निमित्त उरलं नसतं. म्हणून तीन दिवस दार लावून ते तयारी करत बसले. त्या तीन दिवसांत त्यांचं फाटक एकदाही वाजलं नाही.

गुरुवारी ते मागच्या दाराने सभागृहात शिरले आणि जागीच थबकले. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, भिंतीला लागून माणसं उभी, सगळ्यांचे कपडे काळे, हातात फुलं.

“अगं बाई!” शेजारच्या पेनाकाकू किंचाळल्या. मांडीवरचं श्राद्धाच्या गोड गव्हाचं पातेलं पडता पडता वाचलं. “सर, तुम्ही तर गेलात ना?”

“कुठे?”

“कुठे काय विचारता? फाटकावर कागद लागलाय तुमचा!”

सरांचं तोंड पांढरं पडलं. “अहो, मी नाही. कृष्णविवर कसं संपतं, ते सांगणार होतो.”

लोक एकमेकांकडे बघू लागले. दोघंतिघं उठलेही.

“बसा रे!” काकू कडाडल्या. “गहू शिजवलेत मी. सांगा सर, कसं गेलं बिचारं?”

सर सांगू लागले. प्रकाशालाही न सोडणारं ते विवर, पण त्याच्यातूनही कणाकणाने ऊब निसटत असते. त्याला युगांची युगं लागतात, कोणाला पत्ताही लागत नाही. जितकं झिजतं तितकं तापतं, तापतं तितकं भराभर झिजतं. शेवटी एक लखलखाट. मागे काही उरतं का, ते अजून कोणालाच ठाऊक नाही.

“त्या वेळी जवळ कोणी असतं का?” काकूंनी विचारलं.

“नाही.”

“अरेरे,” म्हणत काकूंनी रुमालाने डोळे पुसले. दारात स्तांकाबाई डोकी मोजत होत्या.

एवढ्यात मागून सरांचा जुना मित्र मित्यू उठला. अकरा वर्षांपूर्वी बुद्धिबळाच्या एका डावावरून दोघांचं बोलणं तुटलं होतं.

“माझं भाषण राहिलंय. दोन दिवस खपून लिहिलंय.”

“अरे, पण मी जिवंत आहे!”

“मध्ये बोलू नकोस. गेलेला माणूस मध्ये बोलत नाही.” त्याने कागद उलगडला. “अनास्तासने तो डाव लबाडीने जिंकला.” खसखस पिकली. “पण त्याच्याइतका भला माणूस मला दुसरा भेटला नाही. रोज वाटायचं, जाऊन यावं. रोज म्हणायचो, उद्या.”

पुढचं त्याला वाचवेना. कागदाची घडी घालत तो पुटपुटला, “उद्या येऊ का?”

सरांना फार एकटं वाटत आलं होतं, आणि ते किती, हे त्यांना आत्ता कळलं. “उद्या नको. आत्ताच चल,” ते म्हणाले. “आणि तो डाव मी लबाडीने जिंकला नव्हता.”

“बरं झालं मेला नाहीस,” मित्यू म्हणाला. “थडग्याशी किती भांडणार?”