किलब्रॅकनच्या पुलाचा निषेध

खासदार फिंटन गिलहूली यांनी मंत्र्यांच्या उत्तराचा तीव्र निषेध केला, तेव्हा मंत्र्यांनी उत्तर द्यायला अजून सहा तास होते.

यात फिंटनचं काही चुकलं, असं किलब्रॅकनमधलं कुणी म्हणणार नाही. गावचं साप्ताहिक मंगळवारी दुपारी छापायला जातं आणि डब्लिनच्या संसदेत तातडीचे विषय निघतात संध्याकाळी. बातमी ताजी हवी तर निषेध आधीच पाठवावा लागतो. शिवाय उत्तर ठरलेलंच. भलत्याच खात्याचा कुणी राज्यमंत्री येतो, हातात दिलेला कागद वाचतो, 'विषय विचाराधीन आहे' म्हणतो आणि चहाला जातो. गावचा पूल दोन वर्षं बंद होता. पलीकडच्या शाळेत जायला वीस किलोमीटरचा वळसा पडायचा. फिंटनने चारदा विषय मांडला आणि चारही वेळा तो विचाराधीनच निघाला. आता निवडणूक तोंडावर आली होती, आणि 'पूल नाही तर मत नाही' अशी पाटी खुद्द त्याच्या चुलतभावाने गायींच्या कुंपणावर ठोकली होती.

"डिम्फना, निषेध गेला का गं?" त्याने आपल्या सेक्रेटरीला विचारलं.

"केव्हाच. 'निर्दय उत्तर, गावाचा अपमान' असा मथळा देतायत. मंत्र्यांच्या उत्तरानंतर तुम्हाला बोलायला दोन मिनिटं मिळतात, त्यातही तेच लिहिलंय. नुसतं वाचा."

"आवाज कुठे चढवायचा?"

"लाल रेघ मारलीय तिथे."

संध्याकाळी प्रेक्षकांच्या सज्जात पहिल्याच रांगेत अट्रॅक्टा डेव्हनीबाई दिसल्या आणि फिंटनला घाम फुटला. लहानपणी याच बाईंनी त्याला शाळेत शिकवलं होतं.

"बाई, एवढा बसचा प्रवास कशाला केलात?" त्याने धावत वर जाऊन विचारलं.

"तू इथे येऊन काय दिवे लावतोस ते बघायला."

फिंटनने पुलाचं गाऱ्हाणं मांडलं. मग मासेमारी खात्याचे राज्यमंत्री उठले आणि एका सुरात वाचू लागले. फिंटन त्या वेळी आपली लाल रेघ शोधत होता. त्यामुळे 'पुलाला मंजुरी दिली असून येत्या गुरुवारी काम सुरू होईल' हे वाक्य सगळ्या सभागृहाने ऐकलं, त्याला सोडून.

"सभापती महोदय!" तो गरजला. "हे उत्तर ऐकून माझी मान शरमेने खाली गेली! असं निर्दय उत्तर आजवर कुणी दिलं नसेल!"

राज्यमंत्र्यांनी आपला कागद उलटसुलट करून पाहिला. "सन्माननीय सदस्यांना पूल नको आहे का?"

"त्यांना नको असेल तर आमच्याकडे पाठवा!" शेजारच्या मतदारसंघाच्या खासदारीणबाई टुणकन उठल्या. "आमचाही बंद पडलाय!"

सज्जात बोलायला सक्त मनाई आहे. तरीही डेव्हनीबाई कठड्यावरून वाकल्या. "अरे मेल्या, हो म्हणालाय तो!"

शिपायाने त्यांना अदबीने बाहेर नेलं. फिंटनचे कान तापले. पूल त्याच्या डोळ्यांदेखत शेजारी निघाला होता आणि घड्याळात एकच मिनिट उरलं होतं.

"हो, निर्दयच म्हणतो मी!" तो ओरडला. "आम्हाला अख्खा पूल द्यायचा आणि आभार मानायला फक्त दोन मिनिटं द्यायची? हा माझ्या गावाचा अपमान आहे! आभारी आहे, आभारी आहे, आभारी आहे!"

सभागृह हसून लोळलं. राज्यमंत्र्यांनी घाईघाईने कागदाची घडी केली. पूल किलब्रॅकनचाच राहिला.

फिंटनला रात्रभर झोप नव्हती, कारण निषेध छापून झाला होता. बुधवारी गावाने तो वाचला, आणि गुरुवारी सकाळी पुलावर पिवळी यंत्रं येऊन उभी राहिली. संसदेतली चर्चा गावात कोण बघतंय?

"फिंटन कडाडला काय, अन् दोन दिवसांत यंत्रं हजर!" पबमध्ये चुलतभाऊ सांगत होता. "डब्लिनवाले टरकले बघा!" पाटी त्याने स्वतःच उपटली होती.

शनिवारी फिंटन नेहमीप्रमाणे पबच्या मागच्या खोलीत लोकांची गाऱ्हाणी ऐकायला बसला. पहिल्याच आत आल्या डेव्हनीबाई.

"बाई, तुम्ही कुणाला काही बोलला नाहीत ना?" त्याने दार लावून घेतलं.

"अजून तरी नाही." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "शाळेचं छप्पर गळतंय."

"मंगळवारीच मांडतो!"

"मांड. शाळेतही प्रश्न न वाचता उत्तर लिहायचास तू. निदान या वेळी उत्तर ऐकून घे, मग काय रागवायचं ते रागव."

"शपथ घेतो, बाई," फिंटन कळवळून म्हणाला.

डिम्फना तोवर छपराचा निषेध टाइप करायला बसलीसुद्धा होती.