बुटका डिसमिस

“पाच मिनिटांचं काम आहे,” असं गोरक्ष म्हणाला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. वेळ लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

गोरक्ष सिन्नरच्या एका कंपनीत फिटर. चौदा वर्षांत त्यानं दोन-दोन टनांची मशिनं खोलून पुन्हा जोडली होती आणि जोडल्यावर एखादा नट उरला, असंही फारसं झालं नव्हतं. अशा माणसापुढं घरचं शिलाई मशीन म्हणजे अगदीच किरकोळ. कपबशी विसळण्याइतकं सोपं, असं तो बायकोला म्हणालासुद्धा. कपबशी त्यानं शेवटची कधी विसळली होती, हे सरितानं त्या घाईत विचारलं नाही.

घाई होतीच तशी. सरिताच्या धाकट्या बहिणीचा, सायलीचा, त्याच दिवशी संध्याकाळी सहाला दिंडोरी रोडवरच्या कार्यालयात साखरपुडा होता. मुलाकडच्यांनी जांभळी पैठणी आधीच पाठवली होती आणि तिच्यावरचं ब्लाउज सरिता शिवत होती. ‘बाहेर टाक शिवायला’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला तिनं गप्प केलं होतं. माझ्या बहिणीचं ब्लाउज माझ्या हातचं असणार, विषय संपला. एक बाही झकास बसली. दुसरी लावताना सुईचं टोक तुटलं, खालच्या पट्टीत गेलं आणि मशीन जे अडलं ते अडलंच. आता सायलीनं एका बाहीनिशी अंगठी घालून घ्यायची, नाहीतर त्या पैठणीवर कुठलं तरी तयार ब्लाउज चढवायचं आणि सरितानं ते फोटोत जन्मभर बघायचं, एवढेच दोन मार्ग उरले होते.

सुईखालची पट्टी दोन स्क्रूंनी धरलेली असते. पुढचा स्क्रू गोरक्षनं दोन पिळांत काढला आणि सरिताकडं असं बघितलं की तिनं टाळ्याच वाजवायला हव्या होत्या. मागचा मात्र सुईच्या दांड्याच्या आड दडून बसलेला. सरळ खाचेचा, छोटा, जुना. घरातला पेचकस चांगला वीतभर लांब. उभा धरला की त्याची मूठ वर मशीनला अडायची आणि तिरका धरला की टोक खाचेतून सटकायचं. गोरक्षनं मान वाकडी करून बघितली, पोटावर झोपून बघितलं. शेवटी त्यानं कुठल्याच फिटरनं करू नये ते केलं. स्वयंपाकघरातून सुरी आणली.

“अहो, भाजीची आहे ती,” सरिता म्हणाली.

“तू बघच.”

तिनं बघितलं. सुरीचं टोक वाकलं आणि स्क्रूची खाच अर्धी झिजली. आता घड्याळात साडेअकरा होत होते.

“इथं बुटका डिसमिस पाहिजे,” गोरक्ष कपाळ पुसत म्हणाला. “आखूड, पण तोंडाला रुंद. माझा आहे एक, पण तो कंपनीत राहिला. आणि आज शनिवार, कंपनीला सुट्टी.”

डिसमिस म्हणजे आपला स्क्रू ड्रायव्हर. गोरक्ष हे काम शिकला सुरतेला, एका गुजराती उस्तादाच्या हाताखाली, आणि तिकडं त्याला डिसमिस म्हणतात. अकरा वर्षांच्या संसारात हा शब्द सरिताच्याही तोंडात बसला होता. तिच्या माहेरी, निफाडला, मात्र तो अजून पोचला नव्हता. तिथं पेचकस म्हणत.

गोरक्ष स्कूटर काढून बाजारात गेला आणि पाचच मिनिटांत सरिताच्या आईचा, वत्सलाबाईंचा, फोन आला. ब्लाउज झालं का? सरिता त्या वेळी एक बाही हातात धरून रडायच्या बेतात होती.

“आई, मागाहून बोलते गं. इथं डिसमिसची भानगड झालीय. सगळं कंपनीतच राहिलं ह्यांचं, आणि आता बिचारे उन्हातान्हाचे दारोदार फिरताहेत.” आणि तिनं फोन ठेवला.

वत्सलाबाई हातातली पोळी हातातच धरून बसल्या. मग त्यांनी नवऱ्याला, रावजींना, हाक मारली.

“अहो, ऐकलं का? जावयाला कंपनीनं डिसमिस केलं.”

 जावई माणूस म्हणून चांगला, हे रावजींना मान्य होतं. पण फिटर म्हणवणाऱ्या ह्या माणसाला अकरा वर्षांत कशाला हात लावताना त्यांनी पाहिलं नव्हतं. सासुरवाडीला आला की पाहुण्यासारखा कॉटवर बसून चहा प्यायचा. “मला वाटलंच व्हतं,” ते म्हणाले. “पण आज कोणाला बोलायचं नाय. आज पोरीचा दिवस हाय.”

वत्सलाबाईंनी कोणालाच सांगितलं नाही. फक्त कुसाबाई मावशींना सांगितलं, शपथ घालून. रावजींनीही कोणाला सांगितलं नाही. फक्त नवऱ्या मुलाच्या काकांना, संतोषरावांना सांगितलं, कारण ते सिन्नरलाच मोठ्या हुद्द्यावर होते आणि जावयाला कुठं तरी चिकटवू शकले असते.

इकडं गोरक्षला ह्यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. रविवार कारंजाच्या चौकातल्या पहिल्या दुकानात त्याला टेस्टर दाखवला. दुसऱ्या दुकानदारानं विचारलं, “फ्लॅट पाहिजे का स्टार?” गोरक्ष म्हणाला, “फ्लॅट. अगदी छोटा बघा, जुना असला तरी चालेल.” त्याबरोबर शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थानं त्याचा दंड धरला आणि पाथर्डी फाट्याला वन बीएचके रिकामा असल्याचं सांगितलं. त्याच्या तावडीतून सुटायला पाव तास गेला. तिसऱ्या दुकानात एकतीस तुकड्यांचा सेट होता. त्यात घड्याळापासून मोटारीपर्यंत सगळं खोलायची सोय होती, फक्त सरिताच्या मशीनची नव्हती.

तीन वाजून गेले. गोरक्ष उपाशी, घामाघूम, आणि पहिल्यांदाच मनातून घाबरलेला. सकाळी आपण सरिताला काय काय बोललो ते त्याला एकेक आठवायला लागलं. परत फिरताना पंचवटीत, एका बोळाच्या तोंडाशी, त्याला पत्र्याची टपरी दिसली. शिलाई मशिनं दुरुस्त करणारे भिकनदादा तिथं बसले होते. मूळचे सटाण्याकडचे. गोरक्षनं हातवारे करून सगळी व्यथा सांगितली. भिकनदादांनी डब्यात हात घातला आणि न बघता एक वस्तू काढली. अंगठ्याएवढी, लाकडी मुठीची, मुठीपुढं जेमतेम पेराएवढं रुंद पातं.

“हाऊ लई जा भाऊ,” ते म्हणाले. “बुटका शे, पन कामना शे.”

बुटका खरा, पण कामाचा! गोरक्षला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. त्यानं डिसमिस मुठीत घट्ट धरला, स्कूटरला किक मारली, आणि फोन वाजला. रावजी कार्यालयातून बोलत होते.

“जावईबापू, आम्हाला समदं कळलं. लपवायची गरज नाय.”

मशीनचं सांगितलेलं दिसतंय सरितानं, गोरक्षला वाटलं. “लपवायचं काय त्यात, मामा? माझीच चूक. सुरी वापरायला नको होती.”

रावजी हळूच खुर्चीत बसले. “सुरी?”

“सकाळी माझं डोकंच फिरलं. घातली सुरी. काही उपयोग झाला नाही, त्याचं डोकं मात्र पार सोलून निघालं.”

“कोणाचं?”

“त्याचंच हो, मागच्याचं. पुढचा होता त्याला मी दोन पिळांतच मोकळा केला. हा मागचा मात्र बेरकी आहे, दडून बसलाय.”

“जावईबापू, शांत व्हा. तुमी आत्ता हायत कुठं?”

“निघालोच आहे. आता बुटका घेतलाय, मुठीत लपतो, बाहेरून कळायचंसुद्धा नाही. एकदा आत बसला की एकच पीळ, खलास. सहाच्या आत उरकतो, तुम्ही तिकडचं बघा.”

फोन बंद झाला.  संतोषराव शेजारीच हारतुरे मोजत होते.

“जावई साहेबाच्या जिवावर उठलाय,” रावजी त्यांच्या कानात म्हणाले. “एकाला मोकळा केला म्हणतो. दुसरा राह्यलाय.”

संतोषराव सिन्नरला स्वतःच साहेब होते. त्यांना दरदरून घाम फुटला. दोघं जीपमध्ये बसले आणि थेट हिरावाडीत, गोरक्षच्या घरी निघाले. सरिताला तरी ठाऊक असेल तो कुठं गेला ते.

दार उघडंच होतं. आत गोरक्ष दाराकडं पाठ करून गुडघ्यांवर बसला होता. उजवा हात मशीनच्या आड गेलेला, खांदे ताठ. “आज तुला सोडत नाही,” तो दात ओठ खाऊन म्हणत होता. डिसमिस खाचेत नीट बसला होता, पण झिजलेला स्क्रू जागचा हलत नव्हता.

“जावईबापू, नको,” असं ओरडत रावजींनी मागून त्याला मिठी मारली आणि सगळ्या ताकदीनिशी ओढलं. पन्नास वर्षं शेतात राबलेला माणूस तो. गोरक्षची मूठ त्या हिसक्यासरशी गर्रकन फिरली. मशीनमधून ‘कर्र’ असा आवाज आला. सासरे खाली, जावई त्यांच्यावर, आणि दोघांच्या वर बुटका डिसमिस.

“फिरला!” गोरक्ष झोपल्या झोपल्या ओरडला. “सरिता, फिरला गं फिरला!”

पुढचं त्यानं चुटकीसरशी केलं. स्क्रू बोटांनी निघाला, पट्टी उचलली, सुईचं तुटकं टोक चिमट्यानं बाहेर आलं. सरितानं ते तळहातावर घेऊन बघितलं, मग नवऱ्याकडं बघितलं. टाळ्या तिनं अजूनही वाजवल्या नाहीत, पण तिचे डोळे भरून आले होते आणि गोरक्षला तेवढं पुष्कळ झालं. पट्टी परत बसली, नवी सुई लागली आणि मशीन सुरू झालं. त्याच्या खडखडाटात रावजींना आणि संतोषरावांना डिसमिस म्हणजे काय ते दोनदा समजावून सांगावं लागलं. संतोषराव बराच वेळ त्या बुटक्या वस्तूकडं बघत राहिले, मग पाणी मागून दोन तांबे प्याले.

सहाला पाच कमी असताना ब्लाउज कार्यालयात पोचलं. सायली जांभळी पैठणी नेसून बाहेर आली तेव्हा मुलाच्या आईनंच विचारलं, “कोणत्या बुटिकमधून शिवलं गं?” सरिता म्हणाली, “घरी शिवलंय.” तो एक शब्द, ‘घरी’, तिनं असा काही उच्चारला की मागच्या दोन रांगांना ऐकू गेला.

गोरक्ष छाती काढून पंगतीत बसला. त्याचं ताट बघून शेजारचे चकित झाले, कारण कुसाबाई मावशी त्याला तिसऱ्यांदा जिलेबी वाढत होत्या. “खा बाबा,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “खचायचं नाय. डिसमिस काय कोणी बी व्हतो.” गोरक्षनं सांगायला तोंड उघडलं, पण त्यात जिलेबी होती. शिवाय ती गरम होती, म्हणून त्यानं गैरसमज आणखी थोडा वेळ राहू दिला.

हात धुऊन तो सासऱ्यांना शोधत निघाला. आज अकरा वर्षांनी मामांनी आपलं काम डोळ्यांनी पाहिलं होतं. काहीतरी बोलतील, निदान पाठीवर हात तरी ठेवतील. रावजी मुलाकडच्या चार-पाच वडीलधाऱ्यांच्या घोळक्यात उभे होते आणि मूठ वळवून दाखवत होते. मोठे खुशीत होते.

“सकाळपासून बसले व्हते जावईबापू त्या स्क्रूपाशी,” ते सांगत होते. “शिकलेले फिटर हायत, पण नाय निघाला. मग मी गेलो. एक हिसका दिला, लगेच निघाला.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. संतोषरावांनीही डोलावली. त्यांनी तर प्रत्यक्ष पाहिलं होतं.

तेवढ्यात रावजींना मागं उभा असलेला गोरक्ष दिसला. त्यांनी त्याला प्रेमानं जवळ ओढलं आणि खरोखरच पाठीवर हात ठेवला.

“मनाला लावून घ्यायचं नाय, जावईबापू,” ते म्हणाले. “या एकदा निफाडला सवडीनं. समदं शिकवतो.”

गोरक्षनं समोर बघितलं. सायली फोटोसाठी उभी होती आणि तिच्या दोन्ही बाह्या जागच्या जागी होत्या.

“येतो मामा,” तो म्हणाला.