तुळसकरांचं वेंगुर्लं

जगातलं कुठलंही ठिकाण दाखवा, तुळसकर पाच सेकंदांत ते वेंगुर्ल्यापेक्षा लहान करून टाकत. आखातातल्या मनामाचा सूक, म्हणजे बाजार, दाखवला तर म्हणत, आमच्या आठवड्याच्या बाजारात याच्या दुप्पट माणूस असतं. जवळच्या मुहर्रकमधल्या एका गल्लीतली जुनी घरं, वारा खाली आणणारे त्यांचे मनोरे, कोरीव दरवाजे पाहायला गोरे लोक गळ्यात कॅमेरे अडकवून यायचे. तुळसकर त्याच गल्लीत राहायचे आणि दरवाजाकडे फक्त कुलूप लावताना बघायचे. कुणी कौतुक केलंच, तर हात झटकून एकच वाक्य: "वेंगुर्ल्याचा मफी कंपेअर!" यातलं 'मफी', म्हणजे 'नाही', अरबी. 'कंपेअर' इंग्रजी. अभिमान मात्र शंभर टक्के मालवणी.

आम्ही दोघं तिथल्या एअरपोर्टवर, कार्गोत. मी कागदपत्रं बघायचो, ते फोर्कलिफ्ट चालवायचे. काचसामानाची पेटी आली की सुपरवायझर दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, लग्न राहून गेलेलं, अंगानं काटकुळे. मला ते नावानं कधी हाक मारत नसत. 'पुणेकर' म्हणत, आणि तेही थोडी कीव आल्यासारखं. पुण्याला समुद्र नाही, याचं त्यांना खरंच वाईट वाटायचं.

नवल एवढंच, की कंपनी वर्षाला कुठल्याही ठिकाणचं एक तिकीट फुकट द्यायची आणि तुळसकर वेंगुर्ल्याला कधीच जात नसत. उन्हाळ्यात उकडतं, पावसात रस्ते वाहून जातात, गणपतीत एस.टी.ला जागा मिळत नाही. दर मोसमाचं कारण तयार. माझी बायको सुधा म्हणायची, दिवसातून चाळीस वेळा गावाचं नाव घेणारा माणूस वर्षातून एकदाही तिकडे जात नाही, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

एका फेब्रुवारीत आम्ही सायप्रसला निघालो. तुळसकरांचं तिकीट त्याही वर्षी वाया चाललं होतं. सुधानं त्यांना गळ घातली. तिला ते 'वयनी' म्हणत, आणि वयनींना नाही म्हणणं त्यांना जमत नसे.

लार्नाका हे भूमध्य समुद्रावरचं जुनं गाव. पाण्यालगत छोटा किल्ला, ताडांची रांग, शेकडो वर्षांचं दगडी चर्च. तुळसकरांनी किल्ल्याभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "हो कसलो किल्लो? आमच्याकडे असल्या जाग्यात म्हशी बांधतत." गावाबाहेर मिठाचं तळं आहे, हिवाळ्यात त्यावर गुलाबी रोहित पक्षी उतरतात. सुधा हरखून गेली. तुळसकर म्हणाले, मीठ बघायचं तर आमच्या शिरोड्याच्या मिठागरांत यावं. आणि पक्ष्यांकडे बघून, "ह्ये जरा धुतले काय आमचेच बगळे."

पण इथे त्यांना जोडीदार भेटला. आमच्या लॉजचा मालक, आंद्रेयास नावाचा साठीचा जाडजूड माणूस. सकाळी नाश्त्याला मी किल्ल्याबद्दल चार बरे शब्द बोललो, तर तो नाक मुरडून म्हणाला, हा किल्ला? माझ्या गावात, फामागुस्तात, याचं गोदाम झालं असतं.

तुळसकरांनी पाव खाली ठेवला. मग दोन दिवस सामना रंगला. आंद्रेयास म्हणे, आमची वाळू सोन्यासारखी. तुळसकर म्हणत, आमची चांदीसारखी, पाय भाजत नाही. त्याची संत्री, यांचे काजू. त्याचं बंदर, यांचं बंदर. दोघांचंही इंग्रजी दहा-बारा शब्दांचं, तरी दोघांना सगळं कळत होतं. मी आणि सुधा मधे बसून ऑलिव्ह खायचो.

तिसऱ्या दिवशी आंद्रेयास म्हणाला, चला, दाखवतोच. त्यानं आम्हाला आपल्या व्हॅनमध्ये घातलं. तासाभरानं एका खेड्यात, एका घराच्या गच्चीवर नेलं. समोर शेतं, मग काटेरी तार, सैनिकांच्या चौक्या, आणि पलीकडे समुद्राकाठी पांढऱ्या इमारतींचं मोठं शहर, फामागुस्ता. त्यात एक माणूस दिसत नव्हता. गच्चीवर दुर्बीण होती. चौऱ्याहत्तरच्या लढाईत बेटाचे दोन तुकडे झाले, तेव्हा आंद्रेयास जेवणाचं ताट तसंच टाकून बायकामुलांसह निघाला होता. दोन दिवसांत परतू, असं वाटलं होतं त्याला. त्यानं तुळसकरांच्या डोळ्याला दुर्बीण लावून दिली आणि बोटानं सांगत गेला. पाण्याची टाकी, तिच्या डावीकडे तिसरं छप्पर. मागे लिंबाचं झाड होतं. आहे की वाळलं, माहीत नाही.

तुळसकर बराच वेळ बघत राहिले.

मग आंद्रेयासनं विचारलं, "तू शेवटचा कधी गेलास तुझ्या गावाला?"

"अकरा वर्षं झाली."

"तिथेही सैनिक आहेत?"

"नाही. भाऊ आहे."

"त्याच्याकडे बंदूक आहे?"

"नाही," तुळसकर म्हणाले. "त्यानं झाड तोडलं."

आंद्रेयास हसला नाही. त्याला वाटलं, इंग्रजी समजण्यात आपलीच चूक होतेय. त्यानं एक बोट वर करून नीट खात्री करून घेतली, "वन ट्री?"

तुळसकरांनी मान हलवली आणि जिना उतरून व्हॅनमध्ये जाऊन बसले.

परतीच्या विमानात त्यांनी सुधाला सगळं सांगितलं. अंगणात सुगंधी फुलांच्या सुरंगीचं झाड होतं, आईनं लावलेलं. ती गेल्यावर वर्षभरात भावानं ते तोडलं. मुळं घराच्या भिंतीत शिरली होती, भिंत फुगली होती. हे तुळसकरांनाही पटत होतं. "पन माका इचारल्यान नाय, वयनी. एक पत्र घालूचा होता." त्यांनी रागानं पत्र टाकणं बंद केलं. मग राग गेला, पण पहिलं पत्र कोणी घालायचं, यात अकरा वर्षं गेली.

त्या मे महिन्यात तुळसकरांनी रजेचा अर्ज दिला. तो मंजूर करताना सुपरवायझरनं त्यांची तब्येत विचारली.

महिन्याभरानं आले ते थेट आमच्याकडे, सुधासाठी काजू घेऊन. मी काही विचारायच्या आत त्यांनीच सुरुवात केली. निघण्याच्या आठवडाभर आधी तार केली होती, पण घाईत कुठल्या दिवशी पोचणार ते घालायचंच राहिलं. एस.टी. स्टँडवर उतरले तर भाऊ समोर उभा. त्यांनी ओळखलं नाही आधी, इतका तो वाकला होता. मागाहून स्टँडवरच्या चहावाल्यानं सांगितलं, की हे गृहस्थ चार दिवस प्रत्येक गाडीला येतायत.

"मग काय बोललात?" सुधानं विचारलं.

"काय बोलूचा?" तुळसकर म्हणाले. "तेणा बॅग घेतल्यान. जड होती, तेका उचलाना. थोडो चललो आनी माका म्हणता, बॅगेचो एक कान तू धर."

त्यांनी हाताचा तळवा उघडून बघितला. "घर येयसर मगे दोघांनी धरून नेली."