टिल्लूताईंची घुमटी

टिल्लूताई कुणाच्याही घरी आल्या की आधी उदबत्ती लावतात. देवापुढे नाही. हॉलच्या मधोमध उभ्या राहतात आणि धूर कुठे जातो ते बघतात. धूर खिडकीकडे वळला तर बसून चहा घेतात. जागच्या जागी घुटमळला तर "घर तुंबलंय तुमचं" असं सांगून चहा अंगणात मागतात. आल्मेरे या डच शहरात आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा आमच्याकडचा पहिला चहा अंगणातच झाला. महिना जानेवारी होता.

डेल्फ्टच्या विद्यापीठात त्या इमारतींमधल्या हवेवर संशोधन करतात. पुण्याहून पीएचडीसाठी आल्या आणि इथल्याच झाल्या. आता साठीकडे झुकल्या आहेत, एकट्या राहतात. लग्न का नाही केलं, असं माझ्या बायकोने, मानसीने, एकदा धीर करून विचारलं. "खिडकी उघडी ठेवून झोपणारा कुणी भेटला नाही," म्हणाल्या. माणसांचे त्या दोनच प्रकार मानतात, खेळती आणि तुंबलेली. माझ्यासाठी मात्र त्यांनी तिसरा काढला आहे. मी 'किलकिला'.

इतकी वर्षं त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. मग कोरोना आला आणि बातम्यांत रोज खिडक्या उघडायला सांगू लागले. दुसरं कुणी हुरळून गेलं असतं. टिल्लूताई चिडल्या. मी सांगत होते तेव्हा सगळ्यांना थंडी वाजत होती, म्हणाल्या. विद्यापीठ बंद झालं, डेल्फ्टला जाणं थांबलं, दिवसभर घरात स्क्रीनसमोर. संध्याकाळी आम्ही तिघं फिरायला जायचो. सायकलच्या रस्त्याच्या एका कडेला त्या, दुसऱ्या कडेला आम्ही, त्यामुळे गप्पा ओरडून.

त्या वाटेवर कालव्याकाठी विमचा तबेला लागतो. विम सत्तरीचा विधुर शेतकरी. घोडे चार, त्यांतली बेप नावाची घोडी म्हातारी. हिवाळ्यात दारं लावून घेतली की ती खोकायची. एका संध्याकाळी तो खोकला टिल्लूताईंनी रस्त्यावरून ऐकला. न विचारता आत शिरल्या आणि सवयीने पर्समधून उदबत्ती काढून पेटवली. गवताच्या गंजीशेजारी! विमने धावत येऊन ती पाण्याच्या बादलीत बुडवली आणि डच भाषेत जे बोलला ते मला कळलं नाही हेच बरं. टिल्लूताई मात्र छपराकडे बघत होत्या. धूर वर गेला, छपराला आपटला आणि खाली आला, एवढं त्यांना दिसलं होतं. आढ्यावर फट पाड, वर झडपांची घुमटी बसव, म्हणजे कोंदट हवा वरून निघून जाईल, असं त्यांनी विमला तिथेच सुनावलं.

हवा सुधारली नाही तर बेपला इथे ठेवता येणार नाही, असं गुरांच्या डॉक्टरांनीही सांगून ठेवलं होतं. त्यामुळे विम निमूट ऐकू लागला. सुताराने आढ्यावरच्या फळ्या काढल्या आणि हवेला बाजूंनी वाट ठेवून वरून तात्पुरती प्लायवुडची टोपी बसवली. तिला आम्ही टोपडं म्हणायचो. थोड्याच दिवसांत बेपचा खोकला थांबला.

आता फक्त खरी घुमटी निवडायची होती.

दर शनिवारी टिल्लूताई विमकडे जाऊ लागल्या. अंगणात लांब टेबलाच्या दोन टोकांना दोघं बसायची, मध्ये कॅटलॉग. काचेच्या खिडक्यांची घुमटी विमला आवडली. हवा काय काचेतून जाणार, म्हणून ती बाद. अष्टकोनी चर्चला शोभेल, म्हणून बाद. तांब्याच्या छपराची घुमटी सीगल पक्षी घाण करतील, म्हणून बाद. मग आकाराचा प्रश्न निघाला. घरोघरी पार्सलच्या खोक्यांचा ढीग साठलाच होता. त्यांतली खोकी घेऊन मला शिडीवर चढवण्यात आलं. मी आढ्यावर खोकं धरायचं आणि टिल्लूताईंनी कालव्यापलीकडून फोनवर सांगायचं, "समीर, हे डब्यासारखं दिसतंय. कळसासारखं दिसायला हवं." एक खोकं वाऱ्याने कालव्यात नेलं. त्यानंतर कितीतरी वेळ बदकं माझ्याकडे बघत होती.

असा सगळा हिवाळा गेला. शेवटी प्लायवुड कुजायला लागलंय, असं सुतारानेच बजावलं, तेव्हा साधी चौकोनी, लाकडी झडपांची, वर उतरतं छप्पर असलेली घुमटी ठरली. क्रेनने ती चढवली आणि खरंच देखणी दिसली. टिल्लूताईंनी मान हलवली आणि घरी गेल्या.

मग त्या फिरायला येईनाशा झाल्या. काम आहे, म्हणायच्या. शनिवारीही घरातच. एके दिवशी मानसीच्या लक्षात आलं की त्यांच्या खिडक्या बंद आहेत.

त्याच आठवड्यात विम सायकलवरून आमच्या फाटकाशी आला. ती बरी आहे ना, विचारलं. मग माझ्या कच्च्या डचला झेपेल असं सावकाश सांगू लागला. पहिल्याच शनिवारी तिने कॅटलॉगमध्ये हीच घुमटी पसंत केली होती. पुढच्या शनिवारी तिला त्यात खोट दिसली आणि मग प्रत्येक शनिवारी काहीतरी दिसतच गेलं. मग तू बोलला का नाहीस, असं मी विचारलं. विमने टोपी सारखी केली. "शनिवारी दोघांची कॉफी करायला बरं वाटायचं," म्हणाला.

विमला तबेल्यातली हवा पुन्हा तपासून हवी आहे, अशी थाप मारून मी टिल्लूताईंना घेऊन गेलो. आत गेल्यावर त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. सरळ बेपकडे गेल्या, हातमोजा काढला आणि तिच्या मानेवर हात ठेवला. मग कपाळ टेकलं. घोडी हलली नाही. मी आणि विम दारातच थांबलो.

मागे न वळता त्या म्हणाल्या, "माणसांना हात लावू नका, असं सांगितलं होतं रे. घोड्यांचं कुणी काही बोललं नाही."

विमला मराठी कळत नाही, पण तो खाकरला आणि म्हणाला की घुमटीच्या टोकावर काहीतरी कमी वाटतंय. वाऱ्याची दिशा दाखवणारा वातकुक्कुट बसवावा म्हणतो, पण कोंबड्याचा की घोड्याचा, ते त्याला ठरवता येत नव्हतं.

टिल्लूताईंनी बाहीने तोंड पुसलं. बाहेर आल्या आणि कितीतरी वेळ छपराकडे बघत राहिल्या.

"आधी इथला वारा नीट बघावा लागेल," त्या त्याला म्हणाल्या. "निदान चारही ऋतूंत."

विमने गंभीरपणे मान डोलावली आणि कॉफी करायला आत गेला.