उशीमागे किती?

उत्पादनखर्चाचं गणित आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, याची धाकट्या भावजींना पक्की खात्री होती. ते कारखान्याच्या हिशेब विभागात होते. वहिनी त्यांना हिशेबराव म्हणायची.

वहिनी घरी उश्या शिवून विकायची. मशीन महिन्याच्या भाड्यानं आणलेलं. एक दिवस शेजारच्या गावातल्या वसतिगृहानं तीनशे उश्या मागितल्या. वहिनी नाही म्हणणार, एवढ्यात हिशेबराव मध्ये पडले.

"अहो वहिनी, कापूस, कापड उशीगणिक वाढणारच. पण मशीनचं भाडं? तीस शिवा नाहीतर तीनशे, ते जागचं हलत नाही! जितक्या उश्या जास्त, तितका एकीमागे भार कमी. घ्या डोळे झाकून!"

वहिनीनं घेतलं. अर्ध्या उश्या होईतो मशीन धापा टाकायला लागलं.

"भावजी, वेळेत द्यायच्या तर दुसरं मशीन हवं. म्हणजे तुमचं न हलणारं भाडं टुणकन दुप्पट!"

"हो... म्हणजे... त्याला पायरीपायरीनं चढणारा खर्च म्हणतात."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"ते पुढच्या प्रकरणात येतं!"

दुसरं मशीन हिशेबरावांच्या खोलीत आलं आणि त्यांची कॉट व्हरांड्यात गेली. घरात जिकडेतिकडे उश्या! वहिनीच्या नवऱ्यानं, म्हणजे दादानं, शर्टासाठी कपाट उघडलं आणि तो असा गाडला गेला की नुसता चष्मा दिसत होता. कापूस भरून भरून हिशेबरावांचे केस पांढरे झाले. साहेबांनी हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक ना? एकदम म्हातारे दिसताय!"

न्यायच्या दिवशी टेम्पोवाला दारात हॉर्न बडवत होता. हिशेबराव हाताला लागेल ती उशी खिडकीतून फेकत होते, दादा झेलत होता. माल वेळेत पोचला. पैसेही मिळाले, दोन्ही मशीनचं भाडं जाऊन चांगले उरले. वहिनी खूश, हिशेबरावांची छाती फुगलेली!

तेवढ्यात वसतिगृहातून फोन आला.

"उश्या छान आहेत हो! पण एक जास्तीची आलीय. जरा तेलकट आहे. आणि खोळीत मोजे निघाले."

सगळ्यांनी व्हरांड्यातल्या कॉटकडे पाहिलं. उशाशी काहीच नव्हतं!

"परत पाठवू का टेम्पोनं? भाडं तुम्ही द्या."

वहिनीनं फोनवर हात ठेवला. "सांगा हिशेबराव, अख्ख्या टेम्पोचं भाडं. उशीमागे किती पडेल?"

हिशेबरावांनी बोटांवर मोजलं आणि फोन हातात घेतला.

"राहू द्या तिकडेच. मोजे तेवढे धुऊन घ्या!"