कबरीची शोकसभा

एका जंगलात, बाळांनो, कोंबड्यांचं एक खुराडं होतं. जंगलात खुराडं कोणी बांधलं, असं मधेच विचारायचं नाही. विचारणाऱ्यांना गोष्ट मिळत नाही.

खुराड्याचे प्रमुख होते तुरेअण्णा. ते आरवत, मगच सूर्य उगवे. निदान अण्णांचं तसं म्हणणं होतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण त्या खुराड्यात उच्चारायला मनाई होती.

कोपऱ्यातल्या टोपलीत यमुनाक्का बसलेली असे. ती खुडूक होती, म्हणजे अंडी उबवत होती. खुडूक कोंबडी तिरसट होते, जवळ गेलं की टोचते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणून खुराड्याची रीत होती की खुडूक कोंबडीला सभेसाठी उठवायचं नाही आणि तिचं बोलणंही मनावर घ्यायचं नाही.

टोपलीशेजारी भिंतीला एक भोक होतं. यमुनाक्का कधीपासून सांगत होती, "अगं, हे बुजवा कोणीतरी." सगळ्या म्हणत, "खुडूक आहे बिचारी."

एकटी कबरी तिचं ऐकून घ्यायची. कबरी तिची जिवाभावाची मैत्रीण. दोघी राखेत लोळत लोळत मोठ्या झालेल्या. यमुनाक्का अंड्यांवरून उठेना, तेव्हा कबरीच चोचीत कण्या धरून टोपलीपाशी आणून टाकायची.

एका दुपारी यमुनाक्काचा जरा डोळा लागला. उघडला तेव्हा भोकापाशी कण्या सांडल्या होत्या. बाजूला कबरीची पिसं पडली होती.

यमुनाक्का फार रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "अण्णा, आता तरी भोक बुजवा. माझी पिल्लं निघायला झालीत."

"भोक कुठं पळून चाललंय?" अण्णा म्हणाले. "आधी शोकसभा. जनरीत म्हणून काही आहे की नाही?"

लगेच फ्लेक्स लागला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मधे अण्णांचा हात जोडलेला भलामोठा फोटो, कडेने अण्णांच्या कार्यकर्त्यांचे फोटो आणि खाली कोपऱ्यात, डाळीच्या दाण्याएवढी, कबरी.

भाषणं झाली. मग दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं ठरलं. सगळ्या कोंबड्यांनी माना खाली घातल्या आणि डोळे घट्ट मिटले. फार गुणी कोंबड्या होत्या त्या.

यमुनाक्काने मात्र डोळे मिटले नाहीत. एकदा मिटले होते, तेवढे पुरे झाले होते.

भोकातून एक मुंगूस आत आला. त्याचं नाव नकुलराव. शेवटच्या रांगेत पिवळी उभी होती. नकुलरावाने तिची मान धरली आणि आल्या वाटेने तो निघून गेला. जाताना पावलांचा आवाज होणार नाही, याची त्याने काळजी घेतली. प्रसंगाचं गांभीर्य त्याला कळत होतं.

"अगं धावा! पिवळीला नेलं!" यमुनाक्का ओरडली.

डोळे कोणीच उघडले नाहीत. उलट "शूऽऽ" असा आवाज चहूकडून आला. दोन मिनिटं संपल्यावर अण्णा कडाडले, "काय गं, शोकसभेत ओरडतात?"

"मुंगूस आला होता, अण्णा!"

"मुंगूस? तोंड दिसलं त्याचं?"

"दिसलं ना! तोंडात पिवळी होती!"

"म्हणजे शुभच झालं की!"

बाळांनो, मुंगसाचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो, असं मोठी माणसं सांगतात. कोंबड्याही तसंच मानत. त्यामुळे सगळ्यांना यमुनाक्काचा हेवा वाटला. मात्र तिच्या ओरडण्याने स्तब्धता मोडली होती, म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून पाळण्यात आली. सुदैवाने नकुलराव तोवर जेवायला बसला होता.

पिवळी नाहीशी झाल्याचं मागाहून सर्वांच्या लक्षात आलं. तिचीही शोकसभा ठरली. या खेपेला कोणीतरी शुभ पाहुणा बोलवावा, असं अण्णांच्या मनात आलं आणि निमंत्रण नकुलरावालाच गेलं. यमुनाक्काने टोपलीतून डोकं आपटून सांगितलं. "खुडूक आहे बिचारी," असं सगळ्यांनी एकमेकींना सांगितलं.

सभेच्या दिवशी सकाळीच यमुनाक्काच्या एका अंड्याला चीर गेली. आतून चिवचिव ऐकू आली. तिला आनंद झाला आणि लगेच तिची नजर भोकाकडे गेली. कोवळी पिल्लं, शेजारी भोक आणि पाहुणा नकुलराव.

नकुलराव वाजतगाजत दारातून आला. अण्णांनी त्याला हार घातला. सभा सुरू झाली की दार लावून घ्यायचं, अशी तिथली शिस्त होती. दार लागलं.

नकुलराव बोलायला उभा राहिला. त्याने हाराच्या टोकाने डोळे पुसले. "पिवळीला माझ्याइतकं जवळून कोणीच ओळखलं नसेल," तो म्हणाला. "माझी एकच विनंती आहे. दोन मिनिटं फार कमी पडतात. घाई होते. निदान पाच तरी करा."

ठराव एकमताने मंजूर झाला.

मग अण्णांचं अध्यक्षीय भाषण सुरू झालं. अण्णा एकदा बोलायला लागले की सूर्यसुद्धा मावळायची परवानगी मागे. सगळ्या कोंबड्या व्यासपीठाकडे तोंड करून पेंगत होत्या, अण्णा स्वतःच्या आवाजात रंगले होते आणि नकुलराव गुबगुबीत कोंबड्या हेरण्यात गुंग होता. यमुनाक्का टोपलीतून उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

कबरीचा जुना फ्लेक्स भिंतीपाशी लोळत पडला होता. तिने तो ओढत आणला आणि चोचीने भोकात कोंबायला सुरुवात केली. कार्यकर्ते सहज आत गेले, तरी भोक उरलंच. मग तिने अण्णांचा फोटो कोंबला. तो बरोबर बसला. वरून पायांनी माती उकरून, दगडगोटे लोटून तिने भोक घट्ट केलं. पाय भरून आले होते, पण टोपलीत परतताना तिला फार बरं वाटलं.

"आता पाच मिनिटं स्तब्धता," अण्णा म्हणाले.

माना खाली गेल्या. डोळे मिटले. नकुलराव अलगद उठला. त्याने शेवंता नावाची गुबगुबीत पांढरी कोंबडी उचलली आणि डोकं पुढे करून ओळखीच्या भोकात सूर मारला.

धप्प!

नकुलरावाचं डोकं मातीत रुतलं. पाय हवेत झाडू लागले. शेवंता सुटली आणि केकाटत सुटली. शेवटी सगळ्यांना डोळे उघडावेच लागले.

समोर मुंगूस होता, पण तोंड दिसत नव्हतं. दिसत होतं ते भलतंच.

"अगं बाई!" एक म्हातारी कोंबडी किंचाळली. "मुंगसाचं बूड दिसलं! आता वर्ष वाईट जाणार!"

बाळांनो, दोघींना खाल्लं तेव्हा जो संताप आला नव्हता, तो या अपशकुनाने आला. झाडून सगळ्या कोंबड्या धावल्या आणि नेमक्या दिसेल त्या जागी टोचू लागल्या. नकुलराव कसाबसा डोकं सोडवून निघाला. कोणीतरी दार उघडलं. हार गळ्यात तसाच ठेवून तो जो पळाला, तो त्या जंगलातच राहिला नाही.

संध्याकाळी सगळे भोकापाशी जमले. मातीतून अण्णांचा अर्धा चेहरा आणि जोडलेले हात दिसत होते.

"माझा फोटो भोकात?" अण्णा गरजले. "कोणी हे केलं?"

यमुनाक्काने पंख जरा आणखी पसरले. खरं सांगितलं तर फोटो काढतील, आणि फोटो निघाला तर भोक उघडं पडेल. तिच्या पंखाखाली कबरीच्या रंगाचं एक पिल्लू नुकतंच निघालं होतं.

"कोणी कशाला करेल, अण्णा?" ती म्हणाली. "मुंगूस आला, समोर तुमचा चेहरा आला. घाबरून गेला मेला!"

अण्णांनी भोकाकडे पाहिलं. त्यांचा तुरा ताठ झाला.

"हा फोटो इथून कोणी हलवायचा नाही," ते म्हणाले.

तो कोणी हलवला नाही. यमुनाक्काची पिल्लं तिथेच राखेत लोळत मोठी झाली. दर दिवाळीला अण्णांच्या फोटोला हार पडतो, आणि यमुनाक्का न चुकता वरून थोडी माती लोटते.

तात्पर्य: फ्लेक्सवर पुढाऱ्याचा फोटो कधीही लहान छापू नये. भोकं मोठी असतात.